शराब, शरबत आणि शून्य टक्क्यांची बाटली

उर्दूच्या वर्गात मुलांना शब्दांची कुळं सांगायला मला आवडतं. 'शराब' आणि 'शरबत' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. शीन-रे-बे म्हणजे पिणे. अरबीत 'शराब' म्हणजे पिण्याची कुठलीही वस्तू. कुरआनात मधमाशीच्या पोटातून येणाऱ्या मधाला आणि जन्नतमधल्या पवित्र पेयालाही हाच शब्द आलेला आहे. फारसी आणि उर्दूपर्यंत येता येता त्या शब्दाला नशा चढली आणि साधा अर्थ बिचाऱ्या शरबताकडे राहिला. 'दारू'चंही तसंच. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीतल्या 'दवादारू'त तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. कुरआनाने ज्याला मनाई केली, त्याचं नाव मात्र 'खम्र' आहे. खे-मीम-रे म्हणजे झाकणे. डोकं झाकते ती ओढणी 'खिमार', पीठ फुगवतं ते 'खमीर' आणि अक्कल झाकते ती 'खम्र'.

ही शब्दांची कुळं आज आठवायचं कारण म्हणजे दुकानाच्या फडताळात दिसू लागलेली एक बाटली. आकार बिअरचा, रंग बिअरचा, फेस बिअरचा. वर मोठ्या अक्षरात '०.०' लिहिलेलं. कोणी म्हणतं, हलाल आहे, बिनधास्त प्या. कोणी म्हणतं, नावातच बिअर आहे, हात लावू नका. आणि तिसरा एक प्रश्न आहे, जो लोक जरा लाजतच विचारतात : यातली चवीला बरी कोणती?

मी मुफ्ती नाही, भाषेचा शिक्षक आहे. फतवा देणं माझं काम नाही. पण हे तिन्ही प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. त्यांचा माग काढत गेलं तर चवीचा प्रश्न आणि हलाल-हरामचा प्रश्न एकाच वळणावर येऊन भेटतात. ते वळण कोणतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

यमनहून आलेला प्रश्न

जवाच्या पेयाचा प्रश्न थेट प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळात विचारला गेला होता. हजरत अबू मूसा अल-अशअरी (रजि.) यांना यमनला पाठवलं जात होतं. ते स्वतः तिकडचेच. त्यांनी विचारलं की, आमच्याकडे दोन पेयं होतात, त्यांचं काय? एक 'बित्अ', म्हणजे मधाचं आंबवलेलं पेय आणि दुसरं 'मिज्र', म्हणजे जवाचं. आजच्या भाषेत मिज्रला बिअरच म्हणावं लागेल. हदीसच्या ग्रंथांत या प्रश्नाचं जे उत्तर आलं आहे त्याचा आशय असा की, जे नशा आणतं ते सगळं हराम.

उत्तरात जवाला नावं ठेवलेली नाहीत. मधाला तर नाहीच नाही. पेयाच्या नावावर किंवा रंगावरही काही म्हटलेलं नाही. कसोटी एकच ठेवली आहे, ते पेय माणसाचं काय करतं. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव या पाच गोष्टींपासून खम्र बनते असं सांगितलं आणि जे अक्कल झाकतं ते खम्र, अशी व्याख्याही दिली. यादीत जव आहे, पण जवाची भाकरी कोणी हराम केली नाही.

भांडं आणि वेळ

त्याच काळातलं एक पेय म्हणजे 'नबीज'. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजत घालायच्या आणि ते गोड पाणी प्यायचं. मदिनेचं पाणी खारट, त्याला यामुळे गोडी येई, असंही जाणकार सांगतात. हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार सकाळी भिजवलेलं प्रेषित संध्याकाळी पीत आणि संध्याकाळी भिजवलेलं सकाळी. दुसऱ्या एका रिवायतीत कमाल मर्यादा तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची आहे. त्यानंतर उरलेलं ते स्वतः पीत नसत.

हे वाचताना मला नेहमी आपली नीरा आठवते. पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड आणि निर्मळ. ऊन चढलं की तिची ताडी व्हायला लागते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, म्हणून नीरा केंद्रावर ती सकाळी आणि गार मिळते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही नीरेचा वेगळा विचार केलेला आहे. झाड तेच, रस तोच. नीरा आणि ताडी यांच्यात फरक आहे तो काही तासांचा आणि थोड्या उन्हाचा. नबीज आणि खम्र यांच्यातही असंच वेळेचं अंतर होतं.

वेळेबरोबर भांड्याचाही प्रश्न होता. अब्दुल कैस कबिल्याचं शिष्टमंडळ मदिनेला आलं, तेव्हा त्यांना चार प्रकारच्या भांड्यांत नबीज करू नका असं सांगितलं गेलं : पोखरलेला दुध्या भोपळा, लुकण दिलेला रांजण, कोरलेला खजुराचा बुंधा आणि डांबर लावलेलं भांडं. या भांड्यांत रस लवकर आंबतो आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. कातडी पखाल मात्र फुगून इशारा देते. पुढे लोकांना मनाईची सवय झाल्यावर ही भांडीबंदी उठवण्यात आली. कुठल्याही भांड्यातून प्या, फक्त नशा आणणारं पिऊ नका, असा दुसऱ्या हदीसचा आशय आहे.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. आधी भांडं बंद केलं, कारण सवय ताजी होती. सवय मोडली, तेव्हा भांडं मोकळं केलं आणि मूळ मनाई कायम ठेवली. आज हिरव्या बाटलीवरून जो वाद घातला जातो तो बराचसा भांड्याचा वाद आहे. ज्याची सवय ताजी आहे त्याच्यासाठी भांड्याचाही विचार करावा लागतो. ज्याला सवय कधी नव्हतीच त्याची गोष्ट वेगळी.

नबीजवरून पुढे दोन-तीन शतकं वाद चालला. कुफ्याच्या फकिहांनी, इमाम अबू हनिफा यांच्यासह, द्राक्षाची खम्र आणि इतर वस्तूंची पेयं यांत फरक केला. मदिनेच्या आणि इतर परंपरांनी तो मानला नाही. हनफी मजहबातच इमाम मुहंमद शैबानी यांनी कडक भूमिका घेतली आणि पुढच्या हनफी उलेमांनी फतव्यासाठी तीच स्वीकारली. नवव्या शतकात इब्ने कुतैबा यांनी पेयांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. काय प्यावं या प्रश्नावर भांडण्याची आपली परंपरा बाटलीवरच्या '०.०'पेक्षा किती जुनी आहे, हे यावरून कळावं.

फुक्का आणि बोझा

या वादांच्या सावलीत बाजाराने आपला रस्ता काढला होता. मध्ययुगीन बगदाद आणि काहिऱ्यात 'फुक्का' नावाचं फेसाळ पेय विकलं जाई. अरबीत बुडबुड्याला जो शब्द आहे त्याच्याच कुळातलं हे नाव. जव किंवा पाव, पाणी, वर पुदिना, मसाले आणि ऐपतीप्रमाणे सुगंध. दहाव्या शतकातल्या बगदादच्या अल-वर्राक यांच्या पाककृतींच्या ग्रंथात फुक्क्याच्या कृती आहेत. तो विकणाऱ्याला फुक्काई म्हणत, म्हणजे हा स्वतंत्र धंदा होता.

सुन्नी शहरांत फुक्का सर्रास चाले, शिया फिकहने मात्र तो निषिद्ध मानला. फातिमी खलिफा अल-हाकिम यांनी इ. स. १००५ च्या सुमारास काहिऱ्यात फुक्क्यावर बंदी घातली. त्याच बंदीत मुलूखिया नावाची आवडती पालेभाजीही होती. पेयाला मजहबी आणि राजकीय ओळख चिकटते ती अशी.

उस्मानी तुर्कस्तानात हीच जागा 'बोझा'ने घेतली. बाजरीसारख्या धान्याचं दाट, आंबटगोड, हलकं आंबवलेलं पेय. त्याचे दोन प्रकार होते. गोड बोझा सगळे पीत, आंबट आणि कडक बोझ्यावर मात्र सुलतानांची वेळोवेळी गदा येई. इस्तंबूलमधलं वेफा भागातलं १८७६ चं बोझ्याचं दुकान आजही चालू आहे. हिवाळ्यात तिथे बोझ्यावर दालचिनी भुरभुरतात आणि वर भाजलेले चणे टाकतात. बोझ्यात थोडंसं अल्कोहोल तयार होतंच, तरी तुर्की समाजाने गोड बोझ्याला दारू मानलं नाही.

फुक्का असो की गोड बोझा, ही पेयं कुणाची नक्कल नव्हती. कुणी बिअर घेतली, तिच्यातली नशा काढली आणि उरलेलं विकलं, असा हा प्रकार नव्हता. त्यांची स्वतःची चव होती आणि लोक त्या चवीसाठी येत. आजच्या बाटलीकडे वळताना हे लक्षात ठेवायला हवं.

अमेरिकेत फसलेली बिअर

बिअरमधून नशा वजा करण्याचा मोठा प्रयोग मुस्लिम देशात झाला नाही, तो अमेरिकेत झाला. जानेवारी १९२० मध्ये तिथे देशभर दारूबंदी लागू झाली. व्होल्स्टेड कायद्याने मर्यादा ठरवली, अर्धा टक्का. त्याहून जास्त अल्कोहोल असेल तर ती दारू. कारखाने बंद पडू नयेत म्हणून मोठमोठ्या कंपन्यांनी 'नियर बिअर' काढली, म्हणजे बिअरच्या जवळपासचं काहीतरी. अनहॉयझर-बुशची 'बेवो', पॅब्स्टची 'पॅब्लो', श्लिट्झची 'फॅमो', मिलरची 'व्हिवो'. बेवो बंदीच्या आधी, १९१६ लाच आली होती आणि तिच्यासाठी सेंट लुईसमध्ये प्रचंड कारखाना उभारला गेला होता. १९२९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

ती का चालली नाही? गुत्ते आणि चोरटी दारू हे एक कारण आहेच. पण चवीचंही कारण आहे. पिणाऱ्याला खरी बिअर आठवत होती. प्रत्येक घोट तो त्या आठवणीशी ताडून बघे आणि दर वेळी हे पेय नापास होई. शेवटी लोकांनी या नियर बिअरमध्येच चोरून अल्कोहोल टोचायला सुरुवात केली. तिला 'नीडल बिअर' म्हणत, म्हणजे सुईची बिअर. १९३३ मध्ये बंदी उठली आणि बिनअल्कोहोल बिअरकडे बहुतेकांनी पाठ फिरवली. अर्धा टक्क्याचा आकडा मात्र मागे राहिला. तो आज जर्मनीसह अनेक देशांच्या नियमांत आहे. भारताच्या २०१८ च्या मद्यपेयांच्या नियमांतही सीमा अर्ध्या टक्क्याचीच आहे.

युरोपात हे पेय परत आलं ते मोटारगाडीमुळे. पूर्व बर्लिनच्या एंगेलहार्ट कारखान्याने १९७२ मध्ये 'आउबी' काढली. ते नाव 'वाहनचालकाची बिअर' या जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. पश्चिम जर्मनीत १९७९ मध्ये फ्रँकफुर्टच्या बिंडिंग कारखान्याची 'क्लाउस्टहालर' आली. तरीही थट्टा संपली नाही. नेदरलँड्समध्ये हाइनेकनने 'बक्लर' आणली, तेव्हा यूप फान्ट हेक या विनोदी कलाकाराने १९८९ च्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात ती पिणाऱ्यांची अशी टर उडवली की काही वर्षांत कंपनीला त्या देशातून ती मागे घ्यावी लागली. पेय तेच होतं, पण चारचौघांत हातात धरायची लाज वाटू लागली. कंपनीने '०.०' नावाने नव्याने पेय आणलं ते २०१७ मध्ये.

अल्कोहोल गेलं की काय काय जातं

चव बिघडते कशी, हे समजलं तर बाटली निवडणं सोपं जातं. जव भिजवून मोड आणतात, वाळवून भाजतात, मग गरम पाण्यात कालवून गोड अर्क काढतात आणि हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळतात. इथपर्यंत सगळं हलालच आहे. यानंतर यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करतं, पण आणखीही दोन कामं करतं. कच्च्या अर्काला उकडलेल्या धान्यासारखा जो वास असतो तो कमी करतं आणि फळांसारखे हलके सुगंध तयार करतं.

आता अल्कोहोल नको असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला, पूर्ण बिअर बनवायची आणि मग अल्कोहोल काढायचं. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं. साध्या भांड्यात तापवलं की सुगंध उडून जातो आणि शिजका वास येतो. म्हणून आता निर्वात टाकीत, चाळीस अंशांच्या आसपास, ते उडवतात किंवा अतिसूक्ष्म जाळीतून गाळतात. तरी अल्कोहोलचा भरीवपणा आणि जिभेवरची ऊब जाते आणि पेय पाणचट लागतं. दुसरा रस्ता म्हणजे अल्कोहोल होऊच द्यायचं नाही किंवा नाममात्र होऊ द्यायचं. आंबवणं थंडीने लवकर थांबवायचं, माल्टची साखर न खाणारं खास यीस्ट वापरायचं किंवा यीस्ट घालायचंच नाही. यात सुगंध उडत नाही, पण कच्च्या अर्काचा वास आणि गोडी शिल्लक राहते. फळाचा स्वाद नसलेलं असं माल्ट पेय पहिल्यांदा प्यायलं की भिजलेल्या पावाच्या कडा आठवतात.

म्हणजे एका रस्त्यावर पाणचटपणा, दुसऱ्यावर कच्चा गोडवा. चांगलं पेय तेच, ज्याने आपल्या रस्त्यावरचा दोष झाकला आहे.

ज्यांना आठवण नव्हती

अमेरिकेत जे फसलं ते आखातात आणि इजिप्तमध्ये का चाललं, याचं उत्तर इथे मिळतं. ब्रिटनच्या बास कंपनीने १९८० च्या आसपास 'बार्बिकन' काढली. तिकडे तिचं फारसं नाव राहिलं नाही, पण सौदी अरेबिया आणि आखातात ती घराघरांत पोहोचली आणि पुढे तिथल्याच औजान कंपनीची झाली. आज तिचे डाळिंब, सफरचंद, स्ट्रॉबेरी असे स्वाद मिळतात. इजिप्तमध्ये स्टेला बिअर बनवणाऱ्या अल-अहराम कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'फैरोज' हे फळांच्या स्वादाचं माल्ट पेय आणलं आणि त्यासाठी अल-अझहरकडून हलाल असल्याची मान्यता मिळवली. २००२ मध्ये हाइनेकनने ही कंपनी विकत घेतली.

इराणातली गोष्ट तर भाषाशिक्षकाला खूश करणारी आहे. फारसीत बिअरला 'आबे-जौ' म्हणतात, म्हणजे जवाचं पाणी. १९७९ च्या क्रांतीनंतर बिअर बंद झाली आणि तिथल्या बिनअल्कोहोल पेयाला 'माउश्शईर' हे अरबी नाव रूढ झालं. त्याचाही अर्थ जवाचं पाणीच! एकाच अर्थाची दोन नावं, फारसी नाव हरामच्या बाजूला आणि अरबी नाव हलालच्या. अरबी नाव निवडण्यामागे इतिहास आहे. जुन्या युनानी वैद्यकात हकीम रुग्णाला जवाचं पाणी देत, त्याला हेच नाव होतं.

रियाधच्या किंवा काहिऱ्याच्या ज्या मुलाने बिअर कधी चाखलीच नाही, त्याच्या जिभेवर ताडून बघायला आठवण नव्हती. त्याला हे पेय बिअरसारखं लागतं का, याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला ते चांगलं लागतं का, एवढंच बघायचं होतं. म्हणून तिथल्या उत्पादकांनी हुबेहूब बिअर करण्याचा हट्ट सोडला आणि सफरचंद-डाळिंबाकडे वळले. माल्टचा गोडवा फळात मिसळला की दोष राहत नाही, तो गुण होतो. रत्नागिरी-रायगडकडचा चाकरमानी आखातातून सुट्टीवर येताना जे डबे आणतो आणि रमजानमध्ये मोहंमद अली रोडवर जे दिसतात, ते या घराण्यातले. फुक्क्याचे दूरचे नातेवाईक म्हणा ना!

शून्य कोणतं शून्य?

आता फिकहकडे. बाटलीवरचं 'बिनअल्कोहोल' सगळीकडे सारखं नसतं. जर्मनीत ते अर्ध्या टक्क्यापर्यंत चालतं. ब्रिटनच्या मार्गदर्शक नियमांत याच शब्दाची मर्यादा ०.०५ टक्के राहिली आहे, म्हणजे दहापट कडक. '०.०' लिहिलेलं आणखी वेगळं. दुसरीकडे पिकलेलं केळं, फळांचा रस, पाव यांतही निसर्गतः किंचित अल्कोहोल असतं आणि ते कोणी हराम म्हणत नाही.

उलेमांनी हे लक्षात घेतलेलं आहे. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ मध्ये अशी मांडणी केली की, जे पेय खम्र बनवण्याच्या हेतूने आणि पद्धतीने केलेलं नाही आणि ज्यात अल्कोहोल एक टक्क्याहून कमी आहे, ते चालेल. जे खम्रच्या पद्धतीने बनवलं आहे, ते मग अल्कोहोल कमी असो वा काढून टाकलेलं असो, चालणार नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या २०१८ च्या फतव्यात मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. शिवाय हराम वस्तूचं नाव मिरवणाऱ्या मालाला हलाल प्रमाणपत्र द्यायचं नाही, असं तिचं धोरण आहे.

यामागे एक जुनी चर्चा आहे, सिरक्याची. द्राक्षाची दारू आपोआप सिरका झाली तर तो हलाल, यावर सगळे सहमत आहेत. पण माणसाने मुद्दाम काही घालून दारूचा सिरका केला तर? हनफी म्हणतात चालेल, शाफई म्हणतात नाही. आपल्या राज्यात हा भेद पुस्तकी नाही. कोकणातले आमचे भाऊ बहुतांशी शाफई आहेत, घाटावरचे बहुतांशी हनफी. बिअर बनवून मग अल्कोहोल काढलेल्या पेयाबद्दल दोन घरांत दोन मतं निघाली, तर त्याची मुळं कधीकधी इतकी खोल असतात. म्हणून एकमेकांना बेदीन ठरवण्याआधी थांबायला हवं.

पण मलेशियाच्या मांडणीतली रेघ बघा. कारखान्यातल्या दोन रस्त्यांमध्ये जी रेघ आहे, तीच ही आहे. एक पेय आधी बिअर असतं आणि मग वजाबाकी होते. दुसरं कधी बिअर नव्हतंच. रसायनशास्त्र तिथेच दोन वाटा दाखवतं, बाजाराचा इतिहास तिथेच दोन निकाल देतो आणि सावध फकीहही तिथेच बोट ठेवतो. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेलं वळण ते हेच.

मग चांगली कोणती?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मध्यंतरी फोनवर हेच विचारलं. कंपनीच्या पार्ट्यांत त्याच्यासाठी आवर्जून '०.०' मागवतात. "सर, हातात काहीच नसलं की दहा जण विचारतात. हातात बाटली असली की कोणी विचारत नाही. पण मामूंनी फोटो बघितला तर?" त्याला चवीची फिकीर नव्हती. त्याला टेबलावर जागा हवी होती आणि मोहल्ल्यातलीही जागा गमवायची नव्हती. आपल्या कितीतरी मुलांची ही अडचण आहे आणि त्यावर 'पिऊच नको' किंवा 'काय होतंय' ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत.

मी त्याला जे सांगितलं ते इथे मांडतो. आधी बाटलीची मागची बाजू वाच. 'अल्कोहोल काढलेली बिअर' लिहिलंय की 'माल्ट पेय', ते बघ. आपल्यासाठी दुसरा प्रकार अधिक निर्धास्त. आकडा ०.० आहे की ०.५ पर्यंत, ते बघ. शंका असेल तर आपल्या मजहबाच्या आलिमाला बाटली दाखवून विचार. नुसतं 'बिअर चालते का' असं विचारलंस तर उत्तर एकच मिळणार.

मग चव. गोड आवडत असेल तर फळांची माल्ट पेयं, पण साखरेचा आकडा बघून, विशेषतः घरात मधुमेह असेल तर. कोरडी, कडवट चव हवी असेल तर भाजक्या, काळपट माल्टचं पेय शोधावं. भाजल्याचा वास कच्च्या अर्काच्या वासाला झाकतो. काही असलं तरी नीट गार करून प्यावं, कारण कोमट झालं की गोडवा आणि धान्याचा वास दोन्ही वर येतात. नुसतं पिण्यापेक्षा कबाब किंवा तळलेल्या मासळीबरोबर घ्यावं. मीठ-मसाल्यापुढे पाणचटपणा जाणवत नाही. आणि बिअरशी तुलना करत बसू नये. आपल्याला ती आठवण नाही, हा आपला तोटा नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. आपल्या वस्त्यांतही दारू पिणारे आहेत आणि मोठ्या कष्टाने सोडलेलेही आहेत. त्यांच्यासाठी बिअरच्या वासाचं, रूपाचं पेय धोक्याचं ठरू शकतं. त्या वासाने आठवण जागी होते आणि सुटलेलं पुन्हा धरलं जातं. अशा माणसाला 'घे रे, झिरोच आहे' म्हणून आग्रह करू नये. चार भांड्यांची बंदी अशांसाठीच होती. त्याच्यासमोर आपणही नीरा किंवा कोकम सरबत प्यावं, त्यात कमीपणा नाही.

राहिला प्रश्न मामूंचा. हातातल्या बाटलीच्या आकारावरून ईमान मोजायची घाई आपल्याकडे फार आहे. अबू मूसा (रजि.) यांनी विचारलं तेव्हा कोण पितं, कसल्या भांड्यात पितं, बघणाऱ्याला काय वाटतं, यातलं काही उत्तरात आलं नाही. पेयाचा गुण तेवढा विचारात घेतला गेला. फोटो बघून फोन करणाऱ्या मामूंनीही आधी तेवढंच विचारावं. मग हवं तर चव कशी होती, तेही विचारावं.